बसचं भाडं की वक्त्याचं मानधन?

आमच्या बागप्रेमी मंडळाच्या वार्षिक सभेत यंदा एकाच विषयावर वातावरण तापलं. जमाखर्चाच्या पत्रकात सहलींचा खर्च व्याख्यानांच्या चौपट निघाला. एका निवृत्त प्राध्यापकांनी उभं राहून विचारलं, "हे अभ्यासमंडळ आहे की ट्रॅव्हल कंपनी?" टाळ्या पडल्या. लगेच सूचना आली की वर्षातल्या चार सहलींची एकच सहल करावी आणि वाचलेल्या पैशांत दर महिन्याला एक नामवंत वक्ता बोलवावा. बहुतेकांना ते पटलेलं दिसलं. अभ्यास म्हणजे खुर्चीवर बसून ऐकणं आणि सहल म्हणजे भेळ, अंताक्षरी आणि परतीच्या वाटेवर पेंगणं, हे आपल्या डोक्यात फार पक्कं बसलेलं आहे.

मी विरोधात हात वर केला. आम्ही विरोधात चौघेच होतो, त्यातल्या दोघींना सहलीला जायला आवडतं एवढंच त्यांचं कारण होतं. माझं कारण त्या सभेत दोन मिनिटांत मांडता आलं नाही, म्हणून इथे मांडतो. अशी मंडळं पुण्याच्या बहुतेक उपनगरांत आहेत आणि त्यांच्यातही हाच वाद चालू असणार. माझं म्हणणं असं की बागमंडळात जे काही शिकणं होतं ते सहलीत होतं, आणि सभागृहातलं व्याख्यान ही बरीचशी करमणूक असते. आपण दोघांच्या पाट्या उलट्या लावल्या आहेत.

व्याख्यानाविरुद्ध बोलणं पुण्यात तसं धोक्याचं. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या गावाला ऐकायची सवय आहे. इतिहास, अर्थकारण, संतसाहित्य हे विषय शब्दांतूनच पोचतात, त्यांना सभागृह मानवतं. झाडाचं तसं नसतं. माती बोटांनी चुरडून बघावी लागते, पान उलटं करून बघावं लागतं, कुंडी उचलून तिचं वजन बघावं लागतं. यातलं काहीच पडद्यावर दाखवता येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही एका ऑर्किड-अभ्यासकांना बोलावलं होतं. माणूस खरोखर विद्वान. ईशान्य भारतातल्या जंगलांतली दीडेकशे छायाचित्रं त्यांनी दाखवली, आम्ही 'अहाहा' करत बसलो. मग प्रश्नोत्तरांची वेळ आली. पहिलाच प्रश्न आला, "माझ्या मोगऱ्याला तीन वर्षं कळीच नाही, काय करू?" दुसऱ्या बाईंनी पिशवीतून जास्वंदीची फांदी काढली, पांढऱ्या पिठ्या ढेकणांनी मढलेली. तिसऱ्यांना गच्चीवरच्या लिंबाबद्दल विचारायचं होतं. पाहुणे प्रामाणिकपणे म्हणाले, "हा माझा विषय नव्हे." शाल, श्रीफळ, आभार. बाहेरच्या पॅसेजमध्ये चहा घेताना मात्र मंडळातल्या एका काकूंनी मोगऱ्याचं उत्तर दिलं. त्यांच्या माहेरी फुलशेती होती. माघात मोगऱ्याचं पाणी तोडायचं, पानं ओरबाडायची, फांद्या छाटायच्या, झाडाला चांगला ताण द्यायचा आणि मग खत घालून भरपूर पाणी सुरू करायचं. दहा-बारा जणांनी ते पेपर नॅपकिनवर लिहून घेतलं. त्या संध्याकाळचं व्याख्यान खरं तर पॅसेजमध्ये झालं, आणि त्या वक्त्याला आम्ही नारळही दिला नाही.

पडद्यावर कोमेजलेलं झाड कधीच नसतं, हाही एक घोटाळा. वक्ता आपल्या उत्तम फुलांचे फोटो आणतो. आमची गरज उलटी असते. आमच्यातल्या बहुतेकांची बाग म्हणजे चौथ्या-पाचव्या मजल्यावरची पश्चिमेची बाल्कनी: दुपारी तीननंतर भाजून काढणारं ऊन, मे महिन्यात तापलेली कठड्याची जाळी, पावसाळ्यात चार महिने सूर्याचं तोंड नाही. या बाल्कनीत काय मरतं आणि का मरतं, हे शेजारच्या सोसायटीतल्या बाल्कनीत जाऊन पाहिलं तरच कळतं.

आणि काही 'मोफत' व्याख्यानांबद्दल तर न बोललेलंच बरं. पण बोलतोच. विषय 'सेंद्रिय बागेचं रहस्य', आणि चाळिसाव्या मिनिटाला टेबलाखालून बाटल्या निघतात. आम्ही पुणेकर फुकट व्याख्यानाला जातो आणि बाराशे रुपयांचं द्रावण घेऊन घरी येतो. वक्त्याला विकायचं असेल तर त्याने खुशाल विकावं, पण निमंत्रणपत्रिकेवर तसं छापावं. मंडळाच्या कार्यक्रमात आलेला माणूस तटस्थ आहे असं लोक गृहीत धरतात, आणि तो विश्वास मंडळाचा असतो, बाटलीवाल्याचा नसतो.

आता सहल. सगळ्या सहली चांगल्या असतात असं मी म्हणणार नाही. कासची आमची सहल मला आजही टोचते. पश्चिम घाटाचा भाग म्हणून २०१२ साली जागतिक वारसा यादीत गेलेलं ते पठार बघायला आम्ही सप्टेंबरात गेलो. पहाटे निघून रात्री परत, बसमध्ये सात-आठ तास आणि पठारावर जेमतेम दीड तास. त्या दीड तासात निम्मे लोक फोटोत गुंतलेले. एका सदस्यांनी चहाच्या चमच्याने एक रोप मुळासकट उचललं आणि डब्यात घातलं. घरच्या कुंडीत, उत्तम शेणखतात, ते आठवड्यात गेलं. जाणारच. कासच्या जांभ्या दगडावर मातीचा थर अगदी पातळ आणि कसहीन असतो. तिथली 'सीतेची आसवे' कीटक पकडून पोट भरतात, ती मातीत नत्र मिळत नाही म्हणूनच. भुकेवर जगायला शिकलेल्या झाडाला आपण श्रीखंड-पुरी वाढली. ही गोष्ट तिथे, पठारावर उभं राहून कुणी सांगितली असती तर चमचा खिशातच राहिला असता. पण बरोबर सांगणारं कुणी नव्हतं. आमचा वक्ता पुढच्या महिन्यात सभागृहात येणार होता.

म्हणजे माझा आक्षेप पाहुण्यांच्या बोलण्याला नाही, त्यांना झाडापासून तोडून खुर्चीसमोर उभं करण्याला आहे. व्याख्यान सहलीत न्या. दोन्हींचा खर्च एकाच रकान्यात येईल आणि प्राध्यापकांचा जमाखर्चही जुळेल.

हे कसं होतं याची दोन उदाहरणं देतो. पहिलं उरुळी कांचनचं. सोलापूर रस्त्यावरच्या त्या पट्ट्यात रोपवाटिकाच रोपवाटिका. आम्ही नेहमीसारखे खरेदीच्या तयारीने गेलो होतो, बसची डिकी रिकामी ठेवून. तिथे काम करणाऱ्या एका पोराला कुणीतरी सहज विचारलं, "इथे एवढं टवटवीत दिसणारं झाड आमच्याकडे महिन्यात का मरतं रे?" त्याने एका रोपाची काळी पिशवी टराटरा फाडली. आत मुळांभोवती लाल चिकणमातीचा गोळा, वीट म्हणावी इतका घट्ट. ही रोपं आंध्रातल्या कडियमहून येतात, म्हणाला. लांबच्या प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून असा गोळा बरा पडतो. आपण तो तसाच कुंडीत ठेवतो आणि भोवती भुसभुशीत कोकोपीट भरतो. पाणी कोकोपीटमधून निघून जातं, गोळा आतून कोरडा राहतो. नाहीतर आपण घाबरून रोज पाणी घालतो आणि गोळा आतून कुजतो. मग त्याने बादलीत गोळा बुडवून, अर्धी माती हलकेच सोडवून दाखवली. दहा मिनिटं लागली. माझ्या बाल्कनीत मेलेल्या निदान डझनभर झाडांचा शवविच्छेदन अहवाल मला त्या बादलीत मिळाला.

दुसरं उदाहरण पुरंदरचं. सासवडच्या पुढे अंजिराच्या बागा आहेत. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बागेचे मालक आम्हाला ओळीतून फिरवत होते. खट्टा बहार, मीठा बहार (अंजिराच्या फळांचे दोन हंगाम), कोणत्या बहारासाठी पाणी कधी तोडायचं, छाटणी कुठल्या डोळ्यावर घ्यायची, चीक लागून हात कसे खाजतात. आमच्यातल्या मोगरेवाल्या बाई एकदम थांबल्या. "म्हणजे ताण हाच! मोगऱ्याचा आणि अंजिराचा एकच!" पॅसेजमधल्या काकूंनी सांगितलेलं त्यांना त्या क्षणी उमगलं. मग कुणीतरी विचारलं, अंजिराला फूल कुठे असतं? मालक हसले आणि त्यांनी एक कच्चं फळ चिरून दाखवलं, फुलं आतच. आमच्याबरोबर मुद्दाम नेलेल्या वनस्पतिशास्त्राच्या बाई तिथेच पुढे बोलल्या. पुणे भागातलं हे अंजीर परागीभवनाशिवाय धरतं, पण त्याचे भाऊबंद वड, पिंपळ आणि उंबर यांना आपापल्या ठरलेल्या चिलटाएवढ्या गांधीलमाशीशिवाय बी धरता येत नाही. उंबराचं फूल दिसलं तर राजयोग, असं आपण का म्हणतो ते त्या बागेत कळलं. बोलणं जेमतेम पंधरा मिनिटांचं, पण माझ्या लक्षात राहिलेलं ते एकमेव 'पाहुण्यांचं व्याख्यान' आहे.

पुरंदरच्या भागात दोन वक्ते होते हे ध्यानात घ्या: बागायतदार आणि शास्त्रज्ञ. मला ही जोडी महत्त्वाची वाटते. कारण नुसत्या 'अनुभवी' माणसाची भक्तीही बरी नाही. आमच्या सोसायटीतले माळीकाका मला गुरुस्थानी आहेत, पण ते तोंडाला रुमाल न बांधता औषध फवारतात आणि कसलीही कीड दिसली तरी त्यांचा उपाय तोच. एकदा त्यांना आणि एका वनस्पती-अभ्यासकांना आम्ही वेताळ टेकडीवर बरोबर नेलं. वाटेत ग्लिरिसिडिया लागला, आपला गिरिपुष्प. काकांनी कौतुक सुरू केलं: कसं झटपट येतं, गावाकडे बांधावर लावतात, पाला खाचरात तुडवला की युरियाची गरज नाही. अभ्यासक म्हणाले, बांधावर ठीक, पण हे मूळचं मध्य अमेरिकेचं झाड आपल्या टेकड्यांवर इतकं लावून ठेवलंय की मूळच्या गवताला आणि खुरट्या देशी झाडांना जागा उरत नाही. काका म्हणाले, "साहेब, उघड्या टेकडीपेक्षा हिरवी बरी की." अभ्यासक म्हणाले, "उघडी कुठे होती? गवत होतं." अर्धा तास ही जुगलबंदी चालली. दोघेही आपापल्या ठिकाणी बरोबर होते, आणि ऐकणाऱ्या पंचवीस लोकांना पहिल्यांदाच कळलं की 'झाडे लावा' हे वाक्य अर्धवट आहे, पुढे 'कुठे' आणि 'कुठलं' लागतं. सभागृहात अशी जुगलबंदी होत नाही. तिथे माळीकाका माईक लावायला असतात.

यात नवं काही नाही. श्री. अ. दाभोळकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला तो याच पायावर. स्वतः गणिताचे प्राध्यापक, आणि तासगावच्या अवर्षणी भागातल्या द्राक्ष बागायतदारांबरोबर काम. तिथे पाहुणा आणि श्रोता अशी विभागणी नव्हती. ज्याने प्रयोग केला त्याने तो इतरांना सांगायचा, इतरांनी आपल्या रानात करून पाहायचा. शहरी गच्चीवर उसाच्या चिपाडात भाजी पिकवणारे अनेकजण त्याच परंपरेचं देणं लागतात. आमच्या मंडळाचा जन्मही बहुधा त्याच वाऱ्यावर झाला असणार. मधल्या काळात आम्ही खुर्च्या भाड्याने आणायला लागलो.

सभेत एक आक्षेप निघाला तो मात्र खरा होता. ब्याऐंशी वर्षांच्या आजोबांनी टेकडीवर कसं चढायचं? गुडघे बदललेल्या आजींनी अंजिराच्या सरीतून कसं चालायचं? व्याख्यानाला निदान लिफ्ट असते. आणि एक गोष्ट पुरुष आयोजकांना कधी सुचत नाही: वाटेत स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी कळलं नाही तर आमच्या निम्म्या बायका सहलीला नावच देत नाहीत, आणि कारण 'जरा काम आहे' असं सांगतात. हे सोडवल्याशिवाय 'सहल हीच शाळा' म्हणणं अन्यायाचं आहे.

सोडवणं अवघडही नाही, कारण सहल लांबच असली पाहिजे हा दुसरा गैरसमज आहे. बस लागणारी सहल वर्षातून दोनदा पुरे. बाकी सगळं दारात आहे. एम्प्रेस गार्डनला आमच्यातले बहुतेकजण जानेवारीतल्या पुष्पप्रदर्शनापलीकडे गेलेले नाहीत. १८३० साली स्थापन झालेल्या अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या ताब्यातली ही एकोणचाळीस एकरांची बाग. तिथल्या गारंबीच्या अजस्र वेलीखाली बाकावर बसून तासभर बोलता येतं, चालावं लागत नाही. १८७३ ची गणेशखिंडची बाग २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ झाली, ती आमच्या किती सदस्यांनी आतून पाहिली आहे? विद्यापीठाच्या आवारात गोरखचिंच आहे, म्हणजे जाडजूड बुंध्याचा बाओबाब. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान, ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं, तिथे छाटणी हीच कला. ती बघायला पायवाटेने हळूहळू फिरणं पुरतं. महापालिकेच्या दोनशेहून अधिक बागा आहेत, त्यातली एखादी प्रत्येकाच्या घराजवळ असतेच.

त्याहून जवळची सहल म्हणजे आपली गल्ली. ही कल्पना मी मांडली तेव्हा लोक हसले, गल्लीत काय बघायचं म्हणून. तरी आम्ही एका रविवारी सकाळी निघालो. दीडशे मीटर अंतर, दीड तास. दोन प्लॅस्टिकच्या खुर्च्या बरोबर घेतल्या होत्या, ज्याला थांबावंसं वाटेल त्याने बसायचं. कोपऱ्यावरच्या उंबराखाली पुरंदरला येऊन गेलेल्या एका सदस्याने पिकलेलं फळ फोडून आतले कीटक दाखवले. तेवढ्यात खुर्चीवर बसलेल्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आजी म्हणाल्या, "पानशेत फुटलं तेव्हा हा असाच होता. आमच्याकडे आलेल्या पूरग्रस्तांची बैलगाडी याच्याखाली सोडली होती." सगळे गप्प झाले. आजी टेकडीवर येऊ शकत नव्हत्या म्हणून आम्ही त्यांना श्रोत्यांत धरत होतो. त्या दिवशीच्या प्रमुख वक्त्या त्याच होत्या.

ही केवळ आठवण राहिली नाही. काही महिन्यांनी त्याच उंबराच्या बुंध्यावर तोडण्याच्या परवानगीची नोटीस लागली, शेजारच्या इमारतीच्या पुनर्विकासासाठी. महाराष्ट्रात झाडं राखण्याचा नागरी कायदा १९७५ चा आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं वा त्याहून जुन्या झाडाला हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं महत्त्व आहे. पण झाडाचं वय ठरवायचं कसं? त्याच्या जन्माचा दाखला कुणाकडे असतो? आम्ही हरकत लिहिली, आणि तिला आजींचं निवेदन जोडलं: पानशेतचा पूर जुलै १९६१ चा, तेव्हा हे झाड भरदार होतं. मंडळातल्या चौदा जणांनी सह्या केल्या. हे चौदाही जण त्या रविवारी गल्लीत हिंडलेले होते. ऑर्किडच्या व्याख्यानाला त्याच्या तिप्पट लोक होते. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी कागदावर सही केली, कारण बाकीच्यांना तो उंबर म्हणजे नेमका कुठला हे ठाऊकच नव्हतं. प्रकरण अजून चालू आहे. रस्त्याकडची एक मोठी फांदी मधल्या काळात 'वायरला लागते' म्हणून गेलीच.

बागमंडळाने झाडतोडीच्या भानगडीत पडावं का, असंही कुणी विचारेल. आमच्यातही विचारलं गेलं. हौस म्हणून येतो हो आम्ही, मोर्चे काढायला नाही. हे म्हणणं मी टाळत नाही. लोक विरंगुळ्यासाठी येतात, आणि आले पाहिजेत. जोडीदार गेल्यावर घराबाहेर पडायचं एकमेव निमित्त म्हणून आमच्या मंडळात आलेली निदान चार माणसं मला माहीत आहेत. त्यांना थालीपिठाचा डबा, बसमधली गाणी आणि 'तुमच्या तगरीचं एक कटिंग द्या ना' एवढंच हवं असतं. पण मला दिसतं ते असं की ही गप्पाटप्पांची, डब्यांची, कटिंगांच्या देवघेवीची सैल जागाच शिकण्याची आहे. मोगऱ्याचा ताण तिथेच समजला, पानशेतचा उंबर तिथेच सापडला. 'गंभीर' करायच्या नादात ती जागा कापली तर आपल्या हातात राहतील शाल, श्रीफळ आणि पडद्यावरची ऑर्किडं.

एक अट मात्र मी सभेत लावून धरणार आहे, ती पैशाची. पाहुणा कुणीही असो, प्राध्यापक, बागायतदार वा माळी, मानधन सारखंच. आत्ता आपण डॉक्टरेट असलेल्याला पाकीट देतो आणि रोपवाटिकेतल्या पोराला 'थँक्यू रे'. माळीकाकांनी टेकडीवर दिलेल्या सकाळचे पैसे खजिनदारांनी दिले खरे, पण वहीत ते 'बागकाम मजुरी'खाली लिहिले. मी हरकत घेतली तर म्हणाले, ऑडिटर विचारेल, वक्ता म्हटलं की परिचय लागतो.

म्हणून पुढच्या कार्यक्रमाच्या पत्रकासाठी मी काकांकडे परिचय मागायला गेलो. विषय 'पावसाळ्याआधीची छाटणी', जागा आमच्याच सोसायटीचं पार्किंग. काकांनी कात्री पुसत थोडा विचार केला.

"लिहा, अकरा सोसायट्या आणि दोन बंगले," ते म्हणाले. मग जरा थांबून, "एकच लिहा. दुसरा पाडला परवा."